भिंतीवरचा जुना चार्ट, नवीन गाइडलाइन – तुम्ही सगळे अपडेट कसे राहता?

पीएचसी_एमओ
नमस्कार मंडळी. पालघर जिल्ह्यात आदिवासी भागातल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर आहे, आठ महिने झाले जॉइन होऊन. गेल्या आठवड्यात सहा वर्षांची मुलगी आली, कुत्रा चावलेला, पोटरीला खोल जखम आणि एका बोटाला. वजन १८ किलो, म्हणजे किलोला ४० युनिटच्या हिशोबाने ७२० युनिट रेबीजचं सीरम (तयार प्रतिपिंडं), २.४ मिली. मी लेबर रूममध्ये अडकलेलो, सिस्टरनी जखम साबणाने व्यवस्थित पंधरा मिनिटं धुतली, लस दिली, सीरम एक मिलीच्या आसपास जखमेत टाकलं आणि उरलेलं मांडीत दिलं. कारण इंजेक्शन रूमच्या भिंतीवर चार्ट आहे त्यात तसंच लिहिलंय. आता जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय की जखमेत आणि जखमेभोवती मावेल तेवढं भरा, उरलेलं लांब स्नायूत देण्यात फायदा नाही. पोटरीत अजून मावलं असतं हो! मुलगी बरी आहे, पुढचे डोस चालू आहेत, पण माझी झोप उडाली.

मग मी अख्खी पीएचसी फिरलो. एका खोलीत लाल-निळ्या डब्यांचा टीबीचा चार्ट, आठवड्यातून तीनदा गोळ्यावाला, जे २०१७ ला देशभर बंद होऊन रोजचा डोस आला. चार्टवर तारीख कुठेच नाही. आणि माझंही तेच, काही गोष्टी मी इंटर्नशिपला शिकलो तशाच करतोय, त्या बदलल्यात की नाही ते मी कधी तपासलंच नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज चाळीस पीडीएफ येतात, त्यातली खरी कुठली, चालू कुठली? तुमची काय पद्धत आहे ते प्लीज सांगा.

पीएसएम_वाली
आधी हे की तुम्ही तपासायला उठलात, हेच खूप जण करत नाहीत. मी मेडिकल कॉलेजला शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गाइडलाइन शिळी किती दिवसात होते याचा अभ्यास झालेला आहे, अमेरिकेत २००१ मध्ये. सरकारी १७ गाइडलाइन तपासल्या, त्यातल्या ७ मोठ्या प्रमाणात बदलायच्या झालेल्या, ६ मध्ये छोटे बदल, जशाच्या तशा वैध फक्त ३. त्यांचा हिशोब होता की साधारण ५.८ वर्षांत निम्म्या कालबाह्य होतात, म्हणून दर ३ वर्षांनी तपासा. आणि हा २००१ चा हिशोब! कोविडमध्ये तर महिन्या-महिन्याला पान बदलत होतं. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा द्यायचे, आठवतोय ना? आयसीएमआरचीच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ट्रायल, ३९ हॉस्पिटलं, ४६४ पेशंट, ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आली की फायदा नाही. राष्ट्रीय गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला. मधल्या सात महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, लोक डोनरसाठी रात्र रात्र फोन करत फिरत होते. माझ्या घरचेसुद्धा फिरले. पुरावा हातात असून कागद बदलला नाही की काय होतं ते तेव्हा बघितलं.

आता पद्धत. मी पीडीएफ साठवतच नाही, फॉरवर्ड आलेली तर अजिबात नाही. लागेल तेव्हा मूळ वेबसाइटवर जाते, आणि पहिल्या पानावरची तारीख बघितल्याशिवाय पुढचं वाचत नाही. रोजच्या ओपीडीसाठी आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो आहेत, २०१९ पासून येतायत, एका आजाराला एक पान, अॅपही आहे. पीएचसीला काय करायचं आणि कधी रेफर करायचं हे त्यात सरळ दिलेलं असतं. टीबी, रेबीज, सर्पदंश या तिन्हींसाठी मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाचाच कागद धरा. उदाहरण देते. रेबीजची कातडीतली लस आपल्याकडे ०, ३, ७, २८ दिवसाला आहे, जागतिक संघटनेने २०१८ ला ०, ३, ७ वरच थांबायचा पर्याय दिला. म्हणून कुणी आपल्या मनाने २८ वा दिवस गाळायचा नाही. दोन्ही वाचा पण पीएचसीत पाळायचं एकच.

लेस्टरकर
मूळचा साताऱ्याचा, इथे इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे. इथे नाइसच्या (गाइडलाइन काढणारी सरकारी संस्था) प्रत्येक गाइडलाइनवर दोन तारखा असतात, कधी आली आणि शेवटचा बदल कधी, आणि औषधांची माहिती देणारं बीएनएफ ऑनलाइन दर महिन्याला बदलतं. सवयीने हात आधी तारखेकडे जातो. पण इथे सगळं वेळेवर होतं असं समजू नका. दम्याला नुसता निळा पंप (तात्पुरता श्वास मोकळा करणारा) देऊ नका, सोबत स्टेरॉइडचा हवाच, हे जीनाने (दम्याची जागतिक गाइडलाइन काढणारी संस्था) २०१९ ला सांगितलं. इथली तीन संस्थांची एकत्र गाइडलाइन तसं म्हणायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. साडेपाच वर्षं! त्या काळात मीही नुसते निळे पंप लिहिलेत, आणि त्यातले काही पेशंट मला अजून आठवतात. त्यामुळे सिस्टरना किंवा स्वतःला दोष देत बसू नका डॉक्टर.

औषधवाला_भाऊ
मी फार्मासिस्ट, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात. एक गोष्ट राहिली, स्टॉक. कागद बदलला तरी कपाटात जे आहे तेच दिलं जातं. जुलाबाच्या मुलाला ओआरएससोबत झिंक १४ दिवस द्यायचं, हे २००४ पासूनचं आहे, पण स्टोअरला कमी आलं की पाच-सहा गोळ्या हातावर ठेवून पाठवतात आणि मग तीच पद्धत पडते, स्टॉक आला तरी पाच-सहाच. नवीन गाइडलाइन आली की एमओंनी आमच्यासोबत अर्धा तास बसावं, इंडेंट (औषधांची मागणी) त्याप्रमाणे बदलून घ्यावा. सर, तुमच्या सीरमचंही तेच बघा, लांब मांडीत गेलेले दीड मिली पुढच्या पेशंटच्या जखमेत गेले असते, स्टॉक कायम कमीच असतो.

सिस्टर_२२वर्षे
सर, मी तुमच्या त्या सिस्टरसारखीच एक. बावीस वर्षं सर्व्हिस झाली म्हणून बोलते, राग मानू नका. ट्रेनिंग होतं ते एमओंचं, तालुक्याला किंवा जिल्ह्याला, सर्क्युलर येतं ते फाइलला लागतं. आमच्यापर्यंत येतं ते "आजपासून हे करा". "आजपासून ते करू नका" असं मला बावीस वर्षांत कुणी बसवून सांगितलेलं आठवत नाही. मग जुनंही चालू राहतं आणि नवीनही. गावात लोक अजून विचारतात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील का, ती लस बनवणं २००४ च्या शेवटी बंद झालं, पण बंद झाली म्हणून कुणी सांगितलं का त्यांना? तसंच आमचं.

आमच्याकडे आधीच्या मॅडमनी एक केलं होतं. जुना चार्ट फाडला नाही, त्यावर लाल पेनाने मोठी फुली मारली, बाजूला काय बंद, काय चालू, तारीख आणि सही. शेजारी नवीन चार्ट. फाडला असता तर रिलिव्हर सिस्टर आठवणीतूनच करत राहिली असती, फुली बघितल्यावर ती विचारते. आणि मॅडम महिन्यातून एका शनिवारी ओपीडी संपल्यावर एकच विषय घ्यायच्या, वीस मिनिटं, आशा आणि ड्रायव्हर पण बसायचे. साप चावल्यावर बांधू नका, चिरू नका हे ड्रायव्हरदादालाच सगळ्यात आधी माहीत असायला हवं, गाडीत तोच असतो.

तुमच्या सिस्टरना एकटीत सांगा सर, सगळ्यांसमोर नको. साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली म्हणजे बाई कामाची आहे.

पीएचसी_एमओ
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरताई, तुमचं वाचून काल आमच्या सिस्टरशी बोललो. त्या म्हणाल्या, चार्ट चुकीचा होता तर मग आत्तापर्यंतच्या पोरांचं काय, आणि रडल्या. मी सांगितलं की तेव्हाच्या कागदाप्रमाणे तुम्ही बरोबरच केलंत. आज दोघांनी मिळून फुल्या मारल्या, रेबीज आणि टीबी दोन्हींवर, तारीख टाकली, खाली दोघांच्या सह्या. पहिला शनिवार रेबीजचा, सिस्टरच घेणार आहेत, दुसरा झिंकचा, फार्मासिस्टना बसवतोय. सर्पदंशाचा चार्ट आमच्याकडे मुळातच नाही, कुणाकडे मराठीत छापलेला, तारीख असलेला असेल तर फोटो टाका ना. पावसाळ्याच्या आत लावायचाय.