माहितीपुस्तिकेच्या स्क्रीनशॉटमधली खासगी माहिती कशी झाकावी?

सियागंज_सपोर्ट (इंदूर)
नमस्कार. ठोक व्यापाऱ्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका तयार करतो आहे. स्क्रीनशॉट एका दुकानाच्या चालू डेटावरून घेतले आहेत. मालकांची परवानगी आहे, त्यांच्या पार्ट्यांची (ग्राहक व्यापाऱ्यांची) नाही. म्हणून पार्टीचं नाव, मोबाइल आणि पॅन ब्लर केलं. जीएसटी नंबर तसाच ठेवला, बिलावर तो छापलेलाच असतो. नको असलेल्या कडा वर्डमध्ये क्रॉप केल्या. पीडीएफ व्हॉट्सॲपवर सगळीकडे जाईल. एवढं पुरे का?

राजवाडा_टेक
पुरे नाही. आधी पॅनचं बघा, तो झाकलाच गेलेला नाही. जीएसटी नंबरच्या १५ वर्णांपैकी तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे १० म्हणजे पॅनच. सुरुवातीचे २३ हा मध्य प्रदेशचा कोड. दोन्ही झाका, नाहीतर एकही झाकून उपयोग नाही.

ब्लर आणि मोझॅक (मजकूर जाड चौकोनी ठिपक्यांत बदलणं) आकड्यांसाठी वापरूच नका. फॉन्ट आणि अक्षरांचा आकार सॉफ्टवेअरमधून कुणालाही मिळतो. मग ० ते ९ एकेक आकडा तसाच धूसर करून तुमच्या चित्राशी ताडून बघायचा, एवढंच काम उरतं. मोझॅकमागचा मजकूर असा ओळखणारी साधनं २०२० पासून खुली उपलब्ध आहेत. मोबाइल नंबरच्या एका जागी दहाच शक्यता, त्यामुळे तो लवकर उलगडतो.

भरीव चौकोन टाका, अपारदर्शकता पूर्ण १०० टक्के. हायलायटर पेन काळा दिसला तरी अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. रंग काळाच हवा असं नाही, फिकट करडा (आरजीबी २१७, २१७, २१७) छपाईत डोळ्यांना खुपत नाही. चौकोन नावाच्या लांबीएवढा न करता पूर्ण रकान्याच्या रुंदीचा करा, म्हणजे नाव लहान की मोठं हेही कळणार नाही.

लेजरमध्ये (खातेवहीत) एकच रक्कम झाकून बाकीच्या ओळी आणि बेरीज उघडी ठेवली तर वजाबाकीने ती निघते. हे फार जणांच्या नजरेतून सुटतं.

ई-इनव्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा) क्यूआर कोड तर अख्खा झाकावा लागेल. त्यात विकणारा आणि घेणारा दोघांचे जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम असते. क्यूआरमध्ये चूक सुधारण्याची सोय असते, वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. कोपरा झाकून भागत नाही. झाकल्यावर फोनने स्कॅन करून बघाच.

छावणीकर
वर्डचं क्रॉप हा वेगळाच धोका आहे. कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, 'रिसेट पिक्चर अँड साइझ' केलं की परत येतो. चित्र निवडा, 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' वर खूण ठेवा आणि 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ची खूण काढा. खात्रीसाठी फाइलची एक प्रत घेऊन तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि आतला 'मीडिया' फोल्डर उघडा. तिथे दिसेल तेच लोकांच्या हाती जाणार.

वर्डमधला 'शेप' चित्रावर ठेवून झाकणं तर नकोच. पीडीएफमध्ये चौकोन वेगळा आणि चित्र वेगळं जातं, खालचं चित्र सहज बाहेर काढता येतं. पेंट किंवा जिंप या चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये झाकून, लेयर (चित्राचे थर) एक करून, पीएनजी नव्या नावाने सेव्ह करा. नवं नाव यासाठी की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये जुन्या फाइलवरच क्रॉप सेव्ह केलं तर कापलेल्या भागाचा डेटा फाइलच्या शेवटी तसाच राहायचा. मार्च २०२३ मध्ये ते दुरुस्त झालं, पण त्याआधीची चित्रं पुन्हा बनवा.

राजवाडा_टेक
खरं तर झाकायची वेळच येऊ देऊ नका. डेमो कंपनी उघडा, खोट्या पार्ट्या भरा, ब्राउझर गेस्ट प्रोफाइलमध्ये चालवा. तुमचे टॅब आणि बुकमार्क चित्रात येणार नाहीत. नोटिफिकेशन आणि फाइलच्या पत्त्यातलं विंडोजचं यूजरनेम दिसत नाही ना, ते मात्र वेगळं बघा. वेब स्क्रीनवर एखादाच शब्द बदलायचा असेल तर एफ-१२ दाबून (ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडतात) तिथला मजकूर बदला आणि मग स्क्रीनशॉट घ्या.

सियागंज_सपोर्ट (इंदूर)
डेमो कंपनी केली. पण मनाने घातलेला जीएसटी नंबर सॉफ्टवेअर 'अवैध' म्हणून परत करतं. मोबाइलचंही तसंच.

राजवाडा_टेक
पंधरावा वर्ण आधीच्या १४ वरून काढलेला असतो, म्हणून मनाचा नंबर चालत नाही. हा वापरा: २३ एएएपीए००००ए १ झेड एफ (इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मधल्या जागा न सोडता). शेवटचा एफ हिशेबाने बरोबर येतो. पॅनमधले चार आकडे ०००१ ते ९९९९ असेच दिले जातात, तेव्हा ०००० चा पॅन कुणाचाच नसतो. सॉफ्टवेअरमध्ये जीएसटी पोर्टलवरची ऑनलाइन पडताळणी चालू असेल तर डेमोपुरती बंद ठेवा. ई-मेलला एक्झाम्पल डॉट कॉम घाला, ते नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. मोबाइल ६ ते ९ नेच सुरू व्हायला हवा असेल तर तुमच्या सपोर्टचा नंबर टाका. चुकून कुणी फोन लावला तरी तुमच्याकडेच येईल.