मदत हवी आहे: घर पूर्ण विजेवर, बिल बेफाम येतंय, नवीन हीटर घेऊ का?

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. गॅस कनेक्शनच नाहीये, सगळं विजेवर. भाडं कमी बघून घेतला, का कमी होतं ते आता कळतंय. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये एकेक जुना स्टोरेज हीटर आहे, म्हणजे ते भिंतीला लावलेलं जडशीळ धूड, आत विटा असतात, रात्रीच्या स्वस्त विजेवर तापायचं आणि दिवसभर ऊब सोडायची. टॅरिफ इकॉनॉमी 7, रात्रीचे सात तास 15 पेन्स युनिट आणि बाकी वेळ 31. ऐकायला झकास! प्रत्यक्षात सकाळी उठावं तर घराची भट्टी झालेली आणि संध्याकाळी सहाला ऑफिसातून आलो की दोन्ही हीटर गार, मग 2 किलोवॉटचा फॅन हीटर लावतो तो अकरापर्यंत चालूच. नोव्हेंबरचं बिल 240 पाऊंड आलंय, दोन खोल्यांचं. वरती इनपुट आणि आउटपुट अशी दोन बटणं आहेत, दोन्ही 6 वर म्हणजे फुल्ल ठेवलीयेत.

नाशिकहून आई आलीये, ती रोज रात्री हॉलच्या हीटरवर जाळीपाशी दुधाचं पातेलं ठेवते, सकाळी सुरीने कापावं असं दही. हीटरचा तेवढाच काय तो उपयोग.

आता ऑइल रेडिएटर घेऊ का? जाहिरातीत म्हणतात फॅन हीटरपेक्षा निम्मी वीज खातो. की इन्फ्रारेड पॅनल? की घरमालकाच्या मागे लागून हीट पंप? कुणी वापरलंय का?

पोह्यावरलिंबू: अहो, तुमच्या आईंच्या दह्यातच उत्तर आहे. रात्रभर जाळीतून एवढी ऊब येतेय म्हणजे 15 पेन्सने भरलेली उष्णता तुम्ही झोपेतच सोडून देताय. इनपुट म्हणजे रात्री किती भरायचं, आउटपुट म्हणजे झडप किती उघडायची. झोपताना आउटपुट 1 वर आणा, संध्याकाळी आल्यावर वाढवा. इनपुट थंडीप्रमाणे, उद्या ऊन असेल तर कमी.

आणि जाहिरातीवर जाऊ नका. ऑइल, फॅन, सेरॅमिक, कुठलाही घ्या, एक युनिट विजेची एक युनिटच उष्णता मिळते. ऑइलवाला बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो आणि आवाज करत नाही, इतकंच. इन्फ्रारेड समोर बसलेल्याला शेकतो, खोली फारशी तापत नाही. तुमचा 2 किलोवॉट रोज पाच तास म्हणजे 10 युनिट, 3 पाऊंड 10 पेन्स, महिन्याला 93. पैसे तिथे जातायत! हीट पंप एका युनिटात साधारण तीन युनिट उष्णता आणतो कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, पण बसवायचा की नाही ते घरमालकाच्या हातात. तुम्ही आधी खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी लावा. आईंसाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या, 100 वॉटचं तीन तास चाललं तरी 9-10 पेन्स.

थंडीतलीचिऊ: दादा, ते पातेलं आधी उचला हो! जाळी झाकली की हीटर आतून जास्त तापतो, कपडे टाकले तर आगच. आणि मीटरचा फोटो रात्री झोपताना आणि सकाळी साडेसातला काढा, मीटरवर दिवसाचा आणि रात्रीचा वेगळा आकडा असतो, त्यातला रात्रीचाच पळतोय ना बघा. आमच्याकडे टायमर चुकीचा लागला होता, विटा दिवसाच्या रेटने तापत होत्या, तीन महिने पत्ता नाही. गरम पाण्याच्या टाकीचं बूस्ट बटणही बघा, ते दाबलं की दिवसाच्या महाग विजेवरही पाणी तापतं, पाहुणे आले की कुणीतरी दाबून ठेवतं.

धागाकर्ता: चार दिवस झाले. बूस्ट खरंच चालू होतं, आईने गीझर समजून दाबलेलं. आउटपुट रात्री 1 वर ठेवतोय, काल संध्याकाळी साडेसातपर्यंत हॉल बरा होता, फॅन हीटर जेमतेम तासभर लावला. रात्रीचा आकडाच पळतोय, फोटो काढले. ऑइलवाला कार्टमधून काढला. पातेलं आता टाकीच्या कपाटात जातं, पण दही पातळ लागतंय म्हणून आई माझ्यावर नाराज आहे.