घरबसल्या सगळं मिळतं, मग संध्याकाळी चिडचिड का?

पेठेतला निवृत्त
मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो. मुलीनं हौसेनं फोनवर सगळं लावून दिलं. दूध, भाजी, औषधं, विजेचं बिल. चपला दारात धूळ खात पडल्यात. तब्येत बरी, पेन्शन वेळेवर, तरी पाच वाजले की डोकं फिरतं. हिच्यावर चिडतो, टीव्हीवर चिडतो, परवा तर कुकरच्या शिट्टीवर चिडलो.

गेल्या गुरुवारी नेट बंद म्हणून पिशवी घेऊन मंडईत गेलो. १८८६ची ती दगडी इमारत, लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचो. मेथीची जुडी वीसला. पंधराला मागितली, तर बाई म्हणाली, "काका, पानं बघा आणि मग मागा." वीसच दिले. तिनं वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या. घरी येताना मी जिन्यात शीळ घालत होतो म्हणे. त्या संध्याकाळी चिडचिड नाही.

हा योगायोग की खरंच काही असतं? आणि रोज निमित्त कुठून आणायचं? "फिरायला जा" सांगू नका, बिनकामाचं फिरणं मला जमत नाही.

डोंबिवलीची
काका, बाहेर पडलं की बरं वाटतंच असं नाही हं. सकाळची फास्ट लोकल पकडून बघा एकदा! २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन वगैरेंनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांकडून आदल्या दिवशी काय करताना किती बरं वाटलं, याचा हिशोब लिहून घेतला होता. कामावर जायचा प्रवास तळाला, गोतावळ्यातला वेळ वरती. आमच्या डब्यात दोन्ही एकदमच. उभ्या उभ्या गवार मोडतो आणि सासवांचा उद्धार करतो. २०२०मध्ये घरून काम करताना गर्दी एकदाही आठवली नाही, डब्यातल्या बायका मात्र रोज. तुमचंही मेथीवालीशी बोलणं झालं ना, त्याचाच गुण असणार.

टेकडीप्रेमी
पर्वती. १०३ पायऱ्या. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं, रात्री झोप येते. फोन घरी ठेवा.

पेठेतला निवृत्त
टेकडीप्रेमी, गुडघा बोलतो हो. डोंबिवलीच्या ताई, पटलं. मुलीला न सांगता भाजीची ऑर्डर बंद केली. सलग चार दिवस मंडई झाली. ही म्हणते, आता मेथी आणलीत तर तुम्हीच निवडा. उद्या विजेचं बिल खिडकीवर भरायला निघालोय. रांग असली तर बरं.