चिमणी उडायचीच नाही!

लहानपणीचं कार्टून बघून कुणी खरंच अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात येतं का, असं एकाने विचारलंय. मी आलोय ना! 'एक अनेक और एकता'मुळे. १९७४ ची सरकारी फिल्म्स डिव्हिजनची फिल्म, विजया मुळे यांची, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. दूरदर्शनवर लागायची. एकताबिकता काही कळत नव्हती (हिंदीही जेमतेमच), मी बघायचो ते चिमण्या जाळ्यासकट उडतात तेवढं. परळच्या चाळीत गणिताच्या वहीच्या कोपऱ्यांवर तेच काढून पानं फरफर उलटायचो. चिमणी नुसती थरथरायची.

का, ते पुढे लाइटबॉक्सवर (खालून दिवा असलेली काच, तिच्यावर आधीचं चित्र दिसतं आणि त्यावरून पुढचं काढायचं) बसल्यावर कळलं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम (एकामागून एक येणारी स्थिर दृश्यं), एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. पंख खाली येतो तेव्हा अंग किंचित वर उचललं जातं. मी फक्त पंख हलवत होतो, अंग जागच्या जागी! उडणार कशी?

आता गोरेगावात काम करतो, सगळं स्क्रीनवरच. तरी नवीन पोरांना आधी कागद-पेन्सिल देऊन चिमणीच काढायला लावतो. मागून शिव्या घालतात, घालोत बापडे. परवा एकीची दुसऱ्याच दिवशी उडाली. मला वर्ष लागलं होतं.