बीज बापाचं, रान आईचं: हे अजून किती दिवस चालवायचं?

मुक्ता:
गेली अकरा वर्षं तालुक्याच्या गावी बाळंतपणं करतेय. मागच्या आठवड्यात एकीला तिसरी मुलगी झाली. बाळ तीन किलोचं, जन्मताच खणखणीत रडलं. बाहेर येऊन सासूला सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आमचं बी चांगलंच होतं, रानच तसलं मिळालं." आत ते ऐकू गेलं. टाके घालताना हूं की चूं न केलेली ती पोर तेव्हा रडायला लागली.

ही उपमा त्या सासूची नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे: स्त्री म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज, आणि दोहोंत बीज श्रेष्ठ. तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळाच्या, म्हणजे पाळीपासून गर्भ राहू शकतो त्या काळाच्या, सोळा रात्री सांगून सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी असा हिशोब दिलाय. पुढच्याच श्लोकात पुरुषाचं शुक्र जास्त असेल तर मुलगा, स्त्रीचं जास्त तर मुलगी. म्हणजे ग्रंथ धरून चाललं तरी मुलगी होण्यात बापाचा वाटा निघतोच. पण बोल लागतो तो बाईलाच.

त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यांनी अंदाज बांधला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आज तोच अंदाज शास्त्र म्हणून सांगणाऱ्यांबद्दल. २०२० मध्ये कीर्तनातून सम-विषम तारखेचं ऐकवलं गेलं आणि लोकांनी माना डोलावल्या. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. हे दोन्ही मला वेगवेगळं बघता येत नाही.

वैद्य_नगरकर:
ताई, कळकळ पोचली. पण मनूचा दोष तुम्ही सगळ्या परंपरेच्या माथी मारताय. सुश्रुताने गर्भाला चार गोष्टी लागतात असं सांगितलं: ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषक रस) आणि बीज. चौघं जुळले तरच अंकुर. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीरावरच्या भागात, गर्भ मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज (मानवणाऱ्या सवयींतून), रसज (आहाररसातून) आणि सत्त्वज (मनातून) अशा सहा भावांनी घडतो. रक्त, मांस, मेद, हृदय, यकृत, प्लीहा हे आईकडून; केस, नखं, दात, हाडं, स्नायू हे बापाकडून. यादी आज टिकणार नाही, पण आई नुसती जमीन आहे असं चरक कुठे म्हणतो? ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल म्हणत होता की बाई फक्त द्रव्य पुरवते, आकार देतो तो पुरुष. त्या तुलनेत आपले आचार्य किती पुढे होते बघा. बीजाचा जो भाग बिघडलेला असेल तोच अवयव विकृत होतो, हेही चरकानेच लिहून ठेवलंय.

मुक्ता:
वैद्यबुवा, हे सगळं मान्य. पण त्याच शारीरस्थानाचा आठवा अध्याय उघडा. मुलगा हवा असेल तर पाळीनंतरच्या स्नानापासून सम दिवशी, मुलगी हवी असेल तर विषम दिवशी, हे तिथेही आहे. पुंसवनाचा, म्हणजे मुलगाच व्हावा म्हणून करायचा, विधीही आहे. मनूवर टाकून सुटका होत नाही.

सनातन_पुणे:
आपल्या पूर्वजांना कमी लेखायची फॅशनच झाली आहे. गर्भोपनिषदात एका रात्रीत कलल (पातळ लगदा), सात रात्रींत बुद्बुद (बुडबुडा), पंधरवड्यात पिंड, महिन्यात तो कठीण, दोन महिन्यांत डोकं असा क्रम दिलाय. सोनोग्राफी नसताना! गांधारीच्या मांसपिंडाचे भाग तुपाच्या कुंडांत ठेवून शंभर मुलगे आणि दुःशला जन्मली. याला टेस्ट ट्यूब बेबी नाही तर काय म्हणायचं? आधी ग्रंथ वाचा, मग टीका करा.

मुक्ता:
वाचलेत, म्हणूनच लिहितेय. तो पिंड गांधारीच्या पोटात दोन वर्षं होता, मग बाहेर आला. टेस्ट ट्यूबमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणतात आणि गर्भ नंतर गर्भाशयात ठेवतात. दोन्हीची दिशाच उलटी आहे. महाभारतातली ती गोष्ट म्हणून मला अतिशय आवडते, दोन वर्षं पोट वागवून कंटाळलेली गांधारी मला खरी वाटते. पण अभिमानच बाळगायचा तर डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा बाळगा. ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात त्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी दुर्गा जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राउन, हिच्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, परदेशी जाऊन काम मांडू दिलं नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. आपल्याच माणसाचं डोळ्यांसमोरचं काम आपण नाकारलं.

जालनेकर:
मी बियाण्याचे प्लॉट घेतो, कपाशीचे. त्या "बीज श्रेष्ठ" बद्दल शेतकरी म्हणून बोलतो.

आमच्याकडे नर ओळी वेगळ्या, मादी ओळी वेगळ्या. दुपारनंतर बाया मादी झाडाची उद्या उमलणारी कळी धरतात, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकतात, मधला दांडा तेवढा ठेवतात. सकाळी नराचं फूल आणून त्यावर परागकण घासतात, ओळख म्हणून दोरा बांधतात. असं हजारो फुलांना, रोज, दोन-अडीच महिने. त्या बोंडातली सरकी म्हणजे बी. आता सांगा, हे बी कुणाचं? दोघांचं. त्यालाच आई आहे आणि बाप आहे. जमीन तिसरीच.

मनूला हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला ज्वारीचं कणीस दिसलं, त्याच्या पोटातलं लग्न नाही दिसलं. पण आज बियाण्याच्या पट्ट्यातला माणूस बाईला रान म्हणत असेल, तर तो स्वतःच्या हाताने केलेलं काम विसरला.

वैद्य_नगरकर:
जालनेकरदादा, वीस वर्षांत इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं. चौथ्या महिन्यातली गर्भिणी दोन हृदयांची असते म्हणून दौर्हृदिनी, हे आम्ही शिकवतो, "डोहाळे" त्यातलेच. पण बीजाच्या आत आई आहे हे बोलायचं राहूनच जातं.

सम-विषम दिवसाचंही मान्य करतो, चरकात आहे आणि ते चूक आहे. शुक्राणू पोटात पाच दिवसांपर्यंत जगू शकतो, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. कोणत्या रात्री संग झाला यावरून काही ठरत नाही.

पण एक गोष्ट सोडणार नाही. शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शिकवणारे गुरू आत्रेय, त्यांच्या तोंडावर भरद्वाज "नाही" म्हणतो. तो विचारतो, आई-बापच गर्भ घडवत असते तर मुलगा हवा असणाऱ्या सगळ्यांना मुलगेच झाले असते, मुलगी हवी असणाऱ्यांना मुलीच, आणि कुणी निपुत्रिक राहून विलाप केला नसता. गुरूला असा सवाल टाकलेला ग्रंथात जपून ठेवलाय. आत्रेय त्याला उत्तर देतात, भरद्वाज हरतो, हे खरं. पण सवाल राहिलाच ना? याला परंपरा म्हणतो मी. ती सगळी फेकून द्या म्हणणाऱ्यांशी मी भांडणार.

सनातन_पुणे:
भरद्वाजांचा संदर्भ बघितला, बरोबर आहे. तरीही श्रद्धेच्या गोष्टी प्रयोगशाळेत आणू नयेत या मताचा मी आहे.

मुक्ता:
मग प्रयोगशाळेतलं श्रेय श्रद्धेला देऊ नये, एवढं आपण दोघांनी मिळून पाळू.

सोयरा:
कुणीच विटाळाकडे आलं नाही. आईच्या रजापासून देह घडतो ही कल्पना आपल्या संतांकडेही आहे. दासबोधात तिसऱ्या दशकाच्या आरंभी जन्माचं दुःख सांगताना शरीर म्हणजे विटाळाचाच गाळ असं समर्थ सांगतात, ऐकणाऱ्याला देहाची किळस यावी म्हणून. आणि चोखोबांच्या सोयराबाई तीच गोष्ट घेतात आणि विचारतात,

"विटाळावाचोनी उत्पत्तीचे स्थान । कोण देह निर्माण नाही जगी"

म्हणजे सोवळा तरी कोण? शरीरशास्त्र तेच, जुनंच, आज चुकीचं ठरलेलं. पण त्यातून एकाने देहाचा वीट काढला आणि एका महार बाईने साऱ्या सोवळ्याओवळ्याला जाब विचारला. मला पाळीच्या दिवसांत आजीने गोठ्याजवळ बसवलं होतं, तेव्हा हा अभंग माहीत असता तर म्हणून दाखवला असता.

मुक्ता:
सोयरा, हा अभंग लिहून घेतला, वॉर्डात लावणार आहे.

त्या सासूचं सांगायचं राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी तिला बाकावर शेजारी बसवलं. माझ्या एका मुठीत दोन शेंगदाणे घेतले, म्हटलं ही सुनेची मूठ. दुसरीत एक शेंगदाणा आणि एक हरभरा, ही तुमच्या लेकाची. (शेंगदाणा म्हणजे X गुणसूत्र, हरभरा म्हणजे Y.) दोन शेंगदाणे जमले की मुलगी, हरभरा आला की मुलगा. डोळे मिटा आणि दोन्ही मुठींतून एकेक उचला. तिने चार वेळा उचललं. तीनदा शेंगदाणा-शेंगदाणा. चौथ्यांदा हरभरा आला, तेव्हा तो बोटांत धरून बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "म्हंजी हरभरा सुनंच्या मुठीत नव्हताच?"

नव्हताच, म्हटलं. तिने नातीला मांडीवर घेतलं की नाही हे मला सांगता येणार नाही, तेवढ्यात मला आत बोलावलं. सुनेच्या हातातली पिशवी मात्र तिने स्वतःकडे घेतली होती.