वजन उतरल्यानंतर पुढे काय केलंत? सांगली-मिरजकरांनो, अनुभव लिहा

कृष्णाकाठ
वजन कमी कसं करावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला वेगळं विचारायचंय. ज्यांनी लठ्ठपणाला बीपी-शुगरसारखा कायम सांभाळायचा आजार मानून उपचार घेतले, त्यांनी लिहावं. किलोंचा आकडा नाही लिहिला तरी चालेल. नंतर काय चालू ठेवलं, काय पुन्हा सुरू करावं लागलं, घरच्यांनी कशी साथ दिली, ते हवंय.

आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्य देशांत लठ्ठपणाची रेषा ३० ला आहे. आपली चरबी आधी पोटात साठते आणि कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून हा फरक. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या पुढे गेला की तपासण्या कराव्यात. माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी, निघालं, तेव्हा मला काहीच त्रास होत नव्हता. वजन थोडंच उतरलं, पण लिव्हरचे रिपोर्ट जागेवर आले. शंभर किलोच्या माणसाचे पाच ते दहा किलो उतरले तरी बीपी, शुगर, गुडघे सगळ्यांनाच आराम पडतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तासगावची_बाई
प्राथमिक शाळेत शिकवते. बाळंतपणानंतर वजन वाढलं. ते उतरायचं, पुन्हा चढायचं. प्रत्येक वेळी एकच ऐकलं, “जिभेवर ताबा नाही.” शेवटी मिरजेला एका डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून समजावलं. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं कळवणारी संप्रेरकं कमी होतात आणि नुसतं बसून असतानाही शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात संप्रेरकांतले हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. मी त्यांच्यासमोर बसून रडले. इतकी वर्षं लोक माझा स्वभाव काढत होते आणि मीही तो खरा मानत होते.

आता रोज सकाळी दिवसभराचं तेल एका छोट्या वाटीत काढते. आमटीची फोडणी, भाजी, सासऱ्यांचं धिरडं, सगळं त्यातूनच. संध्याकाळी वाटी रिकामी झाली असेल तर वांगं भाजून भरीत, किंवा पालेभाजी नुसती शिजवून वर लसणाचा ठेचा. शाळूची भाकरी दोनाची एक झाली, पण तिच्याआधी वाटीभर मटकीची उसळ खाते. उपाशी राहायचं नाही, हे मॅडमनी बजावलंय. दर सोमवारी वजन बघते. ठरवलेल्या आकड्याच्या वर दोन किलो गेलं की त्याच आठवड्यात त्यांना फोन करते. आधी दहा किलो चढेपर्यंत लाजेनं कुणाकडे जात नव्हते.

हळदीकुंकवाला “एका लाडवानं काय होतंय” म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. मधुमेह असलेल्या बाईला तुम्ही असा आग्रह करत नाही. माझाही आजारच आहे.

मुक्कामी_गाडी
ताई, मनातलं लिहिलंत. मी एसटीत चालक. घोरायचो, सकाळी उठलं की डोकं जड, दुपारी स्टँडवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. बायकोनं मोबाइलवर माझं घोरणं रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवलं. मधेच श्वास थांबतोय हे तिच्याच लक्षात आलं होतं. रात्रभराची झोपेची तपासणी झाली, स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, निघाला. गळ्याभोवती चरबी वाढली की झोपेत श्वासाची वाट बंद पडते आणि झोप मोडली की दिवसा भूक जास्त लागते. झोपताना मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावल्यापासून दिवसा डुलकी येत नाही. मुक्कामी गाडीवर जाताना मशीन पिशवीत घेतो, खोलीत प्लगजवळचीच कॉट धरतो. सोबतचे आता जागा राखून ठेवतात. वजन अजून बरंच आहे, उपचार चालू आहेत. घोरणाऱ्या चालकभावांनो, तपासून घ्या. मागे पन्नास माणसं बसलेली असतात.

विश्रामबागवाला
वजनाच्या इंजेक्शनचा अनुभव. टिर्झेपाटाइड, आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. भारतात ते मार्च २०२५ मध्ये आलं. मला मधुमेहही होता. डोस कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला मळमळ, बद्धकोष्ठता फार. पण संध्याकाळी समोर भडंग असताना चार घास खाऊन हात आपोआप थांबला, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मुलीच्या अॅडमिशनच्या वेळी पैशाची ओढाताण झाली आणि औषध थांबवलं. भूक परतली, मागोमाग वजनही. डॉक्टर म्हणाले, यात तुमचं काही चुकलं नाही. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीतही औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला होता. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं, तसंच हे. आता पुन्हा चालू आहे. सोबत अंडी, डाळ, ताक आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. खर्च मोठा आहे आणि तो लांबचा आहे, तो धरूनच सुरुवात करा. जिममधल्या मित्राकडून घेऊ नका. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा इतिहास असेल, किंवा मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

मिरज_माहेर
माझी वजनासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया झालीय. जठराचा बहुतेक भाग काढतात. “सोपा मार्ग निवडला” असं नातेवाईक म्हणाले. सोपा नाही. जेवताना पाणी नाही, घास बारीक, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर, रक्त तपासणी ठरावीक काळानं. काही वर्षांनी थोडं वजन परत आलं, तेव्हा घाबरले होते. सर्जननी सांगितलं, हे अनेकांचं होतं, त्यावरही उपचार आहेत. शुगरच्या गोळ्या मात्र अजून बंद आहेत आणि घाटाच्या पायऱ्या मी न थांबता चढते.

द्राक्षबाग
बायकोसाठी विचारतोय. कंबर ९६ सेंमी. गावातले डॉक्टर म्हणतात, चाला. गुडघे दुखतात म्हणून चालवत नाही. सुरुवात कुठून करावी? एप्रिल छाटणी उरकली की दाखवावं म्हणतोय.

वॉर्डातली_सिस्टर
दादा, कंबर बरोबर मोजलीय ना? श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा. तपासण्यांत बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, लिव्हर, थायरॉइड. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. आणि वहिनी घेत असलेलं प्रत्येक औषध सोबत न्या. मानसिक आजाराची काही औषधं, शुगरच्या काही गोळ्या, इन्सुलिन यांनीही वजन वाढतं. डॉक्टर पर्याय बघू शकतात. आपल्या मनानं बंद करू नका.

द्राक्षबाग
गोळ्या नाहीत काही. गुडघ्यासाठी एका ठिकाणाहून पुड्या आणते, दोनेक वर्षं झाली. आराम पडतो. चेहरा जरा गोल झालाय तेवढंच.

वॉर्डातली_सिस्टर
मग छाटणीची वाट बघू नका. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्यानं चेहरा गोल होतो, पोट सुटतं, शुगर चढते. पण पुडी एकदम थांबवायची नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, अचानक बंद केलं तर बीपी कोसळू शकतं. पुडी तशीच घेऊन मिरजेच्या सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत या. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टर ठरवतील.

द्राक्षबाग
उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. पुडी तिच्या पर्समध्ये ठेवलीय.