टॉवर नसलेल्या धावपट्टीवर कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

विमानवेडा_कोथरूड
नमस्कार मंडळी. वय ४३, आयटीतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार पुण्याबाहेर जाऊन पीपीएलचं, म्हणजे खाजगी वैमानिक परवान्याचं ट्रेनिंग घेतोय. उड्डाणाचे ३१ तास झालेत. आमच्या पट्टीवर विमानांना परवानगी देणारा टॉवर नाही. ज्याने त्याने आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं आणि इतरांचं ऐकायचं.

गेल्या रविवारी माती खाल्ली. पट्टीवर चढण्याआधी थांबायच्या जागी, होल्डिंग पॉइंटला थांबलो, "लाइनिंग अप" (पट्टीवर येतोय) म्हणालो. कुणी काही बोललं नाही, म्हणून ब्रेक सोडले. तेवढ्यात इन्स्ट्रक्टरने त्यांच्या बाजूचे ब्रेक दाबले. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, एक सेस्ना विमान, लँडिंग लाइट लावून! आमची फ्रिक्वेन्सी रेडिओच्या स्टँडबायच्या (चालू नसलेल्या) खिडकीतच बसली होती, अदलाबदलीचं बटण दाबायचं राहिलेलं. आणि माझा आवाज मला हेडसेटमध्ये खणखणीत ऐकू येत होता.

पुढच्या वर्षी अमेरिकेत तास भरायला जाणार आहे. तिथे असे विमानतळ भरपूर. चेकलिस्टपलीकडचं काही सांगा.

पुणेरी_पुष्पक
सिग्नल बंद पडलेला नळ स्टॉपचा चौक समजा. कोथरूडकराला आणखी काय शिकवायचं? :)

डाउनविंड_दादा
नळ स्टॉपला ब्रेक मारून उभं राहता येतं, हवेत नाही. असो.

हेडसेटमध्ये आपलाच आवाज येतो तो साइडटोन. फ्रिक्वेन्सी चुकलेली असली तरी तो ऐकू येतोच, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. पार्किंगमध्येच रेडिओ चेक मागा, म्हणजे आवाज पोचतोय का ते कुणाला तरी विचारा. कुणीच नसेल तर आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचा. वेड्यासारखं वाटतं, वाटू दे.

दुसरं म्हणजे, होल्डिंग पॉइंटला विमान जरा तिरकं उभं करा, फायनल आणि त्याआधीचा आडवा टप्पा, बेस, दोन्ही काचेतून दिसले पाहिजेत. सेस्नाचा पंख वर असतो, आकाशाचा नेमका हवा तो तुकडा तो झाकतो. पट्टीचं दुसरं टोकही बघा. वारा पडलेला असला की कुणीतरी उलटीकडून उतरत असतो.

सनीवेल_ते_सदाशिव
मी अमेरिकेत तास भरलेत. बऱ्याच छोट्या विमानतळांना १२२.८ हीच फ्रिक्वेन्सी, त्यामुळे तीन गावांची बडबड एकत्र ऐकू येते. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव घ्यायचं ते यासाठी.

पण खरा धडा क्विन्सीचा. इलिनॉय, १९ नोव्हेंबर १९९६. टॉवर नाही, पट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या. युनायटेड एक्सप्रेसचं बीच १९०० हे प्रवासी विमान पट्टी १३ वर उतरत होतं. पट्टी ४ वर एक किंग एअर विमान टेकऑफच्या तयारीत, त्याच्यामागे एक चेरोकी विमान. उतरणाऱ्यांनी विचारलं, किंग एअर, तुम्ही थांबताय ना? उत्तर दिलं चेरोकीवाल्याने, की मी थांबलोय. त्याच्या वाक्यात "किंग एअर" हे शब्द होते, आणि नेमकी तेव्हाच बीचच्या कॉकपिटमध्ये उंचीची सूचना वाजली. बीचवाल्यांना वाटलं, किंग एअरच बोललं. आभार मानले आणि उतरले. पट्ट्या छेदतात तिथे धडक, दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले. धडक जगण्यासारखी होती, पण बीचचं दार अडकलं आणि आगीने गाठलं. चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांवर आला: रेडिओ नीट ऐकला नाही, आजूबाजूला पाहिलं नाही.

विमानवेडा_कोथरूड
बाप रे. मग विचारायचंच नाही का?

सनीवेल_ते_सदाशिव
विचारा की! पण उत्तरात त्याचा स्वतःचा कॉलसाइन (विमानाची रेडिओवरची ओळख) ऐकू आल्याशिवाय उत्तर मिळालं असं धरू नका. शंका आली की गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. पेट्रोलचे पैसे जातील, जाऊ देत.

निवृत्त_ग्लायडर
आम्ही हडपसरला बिनइंजिनाची ग्लायडर उडवायचो, तिथे गो-अराउंड हा प्रकारच नाही. इंजिनवाल्याने ग्लायडरला वाट द्यायची, हा नियम म्हणून लक्षात ठेवा. दोघे एकदम उतरायला आले तर खालच्याचा हक्क पहिला, पण त्या हक्काच्या जोरावर कुणापुढे घुसायचं नाही. आणि रेडिओ नसलेलंही कुणी असू शकतं, तेव्हा कानांइतकीच मानही वळवा.

हो, आणि कुत्री. त्यांच्याकडे रेडिओ नसतोच.

विमानवेडा_कोथरूड
आज इंजिन सुरू करण्याआधी आकड्यावर बोट ठेवून वाचलं, मग रेडिओ चेक मागितला. हँगरमधून आमच्या मेकॅनिकचा आवाज आला, "आवाज स्पष्ट आहे सर. चाकांखालचे चॉक काढायचे राहिलेत."